हायब्रिड गाडी किती वर्षं टिकते? नव्या मालकांसाठी पायरीपायरीने

आधी उत्तर, कारणं नंतर. नीट सांभाळलेली स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली आणि थोडं अंतर नुसत्या मोटरवर जाऊ शकणारी गाडी आपल्याकडच्या रस्त्यांवर बारा ते पंधरा वर्षं किंवा अडीच-तीन लाख किलोमीटर चालेल, असं धरायला हरकत नाही. हा माझा अंदाज आहे, कंपनीचं वचन नव्हे. कंपनी लेखी देते ते ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, आणि तेही फक्त हायब्रिड बॅटरीपुरतं.

अंदाज हवेतला नाही. टोयोटाने प्रायस डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या बाजारात आणली, म्हणजे हे तंत्र पाव शतकाहून जुनं झालं. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका टॅक्सीवाल्याने अगदी सुरुवातीची प्रायस घेतली आणि दोन-सव्वादोन वर्षांत तीन लाख किलोमीटर ओलांडले. टोयोटाने ती गाडी अभ्यासासाठी परत मागून घेतली. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०११ मध्ये तीन लाख किलोमीटरहून अधिक पळालेली २००२ ची प्रायस तपासली. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच नवी असताना मोजलेल्या तशाच गाडीच्या तुलनेत ॲव्हरेजमधला फरक नगण्य निघाला.

पण कॅनडाची हवा थंड, आपलं काय? त्यासाठी श्रीलंकेकडे बघा. जपानमध्ये काही वर्षं वापरलेल्या हायब्रिड गाड्या तिथे ढिगाने आल्या आणि कोकणासारख्या दमट उकाड्यात वर्षानुवर्षं धावल्या. त्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारी दुकानंही तिथे उभी राहिली. यातून दोन गोष्टी कळतात: बॅटऱ्या जातात, आणि त्या गेल्या म्हणून गाडी भंगारात जात नाही.

भारतात मात्र हिशेब अजून कच्चा आहे. होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आली, टोयोटाची प्रायस २०१० मध्ये. दोन्ही महाग होत्या आणि फार खपल्या नाहीत. टोयोटाच्या बिदडीच्या कारखान्यात जुळणी झालेली कॅमरी हायब्रिड २०१३ पासून आहे. सामान्य घरातल्या पार्किंगमध्ये हायब्रिड दिसायला लागली ती २०२२ पासून: होंडा सिटी, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड व्हिटारा, पाठोपाठ टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस. यातल्या एकाही गाडीने अजून वॉरंटीची आठ वर्षं पाहिलेली नाहीत. म्हणून "माझ्या मेव्हण्याची कुरकुर न करता चालली आहे" हे ऐकून फार खूष होऊ नका आणि "बॅटरी गेली की गाडी गेली" हे ऐकून घाबरूही नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की हायब्रिडचं आयुष्य मोठ्या बॅटरीपेक्षा तिच्या आसपासच्या फुटकळ गोष्टी ठरवतात. एक जाळी, एक पंखा, एक छोटी बॅटरी, कूलंट आणि पार्किंगची जागा. त्या सांभाळायच्या कशा, ते आता क्रमाने पाहू.

पायरी १: आपली गाडी कोणती हायब्रिड, ते ओळखा

डिकीवर हायब्रिड लिहिलंय म्हणून सगळ्या सारख्या नसतात. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगावर 'एसएचव्हीएस' हा बिल्ला लावला. ती माइल्ड हायब्रिड. तिच्यात इंजिनला पट्ट्याने जोडलेला एक थोराड अल्टरनेटर असतो. तोच स्टार्टरचं काम करतो आणि गाडी उचलताना इंजिनाला जरासा हातभार लावतो. नुसत्या विजेवर ही गाडी हलत नाही. तिचं आयुष्य साध्या गाडीएवढंच धरा. पुढचं बरंचसं तिला लागू नाही.

स्ट्राँग हायब्रिड म्हणजे इंजिन बंद ठेवून काही अंतर केवळ मोटरवर चालू शकणारी गाडी. गोंधळ होतो तो ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये, कारण एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले गेले. सेकंडहँड बाजारात विकणारा बिनधास्त "हायब्रिड आहे" म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. ओळखायचा सोपा मार्ग: आरसीवर इंजिनाची क्षमता बघा. १४६२ सीसी असेल तर चार सिलिंडरची माइल्ड. १४९० सीसी असेल तर तीन सिलिंडरची स्ट्राँग.

पायरी २: एका गाडीची चार वयं मोजा

"किती टिकेल?" हा प्रश्न अर्धवट आहे. इंजिन, गिअरबॉक्सच्या जागची यंत्रणा, बॅटरी आणि कागदपत्रं यांची वयं वेगवेगळी असतात.

इंजिनाचं पाहू. शहरात ते बराच वेळ बंद असतं. हायरायडरच्या बाबतीत टोयोटाचा दावा आहे की चाचणीत साधारण ४० टक्के अंतर आणि ६० टक्के वेळ गाडी केवळ विजेवर चालली. दावा कंपनीचा आहे, तो निम्म्याने खरा मानला तरी मीटरवरचे किलोमीटर आणि इंजिनाने खरोखर काढलेले किलोमीटर यांत फरक राहतोच. शिवाय थांबून निघताना, चढावर, अशा त्रासाच्या वेळी मोटर मदतीला येते.

टोयोटाच्या यंत्रणेत नेहमीचा गिअरबॉक्स नाही. एक ग्रहीय गिअरसंच (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो) आणि दोन मोटर-जनरेटर, बस. क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. प्रायसच्या तिसऱ्या पिढीपासून तर इंजिनावरचा पट्टाही गेला. नाव ई-सीव्हीटी असलं तरी साध्या सीव्हीटीतला (पायऱ्यांचे गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला) झिजणारा धातूचा पट्टा यात नसतो. होंडाच्या रचनेत एक क्लच आहे, पण तो हायवेच्या वेगात इंजिन थेट चाकांना जोडण्यापुरता, आणि तोही संगणक चालवतो. जी वस्तू गाडीत नाहीच ती बिघडत नाही. टॅक्सीवाल्यांना प्रायस का आवडली, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता बॅटरी. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराची बॅटरी लिथियम-आयन आहे, क्षमता फक्त ०.७६ किलोवॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवर पाऊण युनिट. हायक्रॉसमध्ये जुन्या, भरवशाच्या निकेल-मेटल हायड्राइड जातीची आहे. पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती, हे लक्षात घ्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचे भाव ऐकून हायब्रिडला घाबरण्यात अर्थ का नाही ते कळेल.

ही एवढीशी बॅटरी दिवसातून शेकडो वेळा थोडी भरते, थोडी रिकामी होते. तरी टिकते, कारण गाडीचा संगणक तिला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळापर्यंत रिकामीही होऊ देत नाही. टोयोटाच्या गाड्यांत ती साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवली जाते. आपण फोन रोज शंभरावरून पाचावर आणतो आणि दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी दमते. हायब्रिडमध्ये तो हट्ट करायची मुभाच आपल्याला नाही, हे बरंच आहे.

सगळ्याच कंपन्यांना हे पहिल्या फटक्यात जमलं नाही. २००६ ते २००८ च्या सिव्हिक हायब्रिडच्या बॅटऱ्या अमेरिकेत बऱ्याच जणांना लवकर दगा देऊ लागल्या. होंडाने २०१० मध्ये सॉफ्टवेअर बदलून बॅटरीवरचा भार कमी केला. मालक त्यावर आणखी चिडले, कारण ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही घटले, आणि प्रकरण कोर्टात गेलं. होंडाची आजची दोन मोटरची यंत्रणा पूर्ण वेगळी आहे. तरी एक लक्षात ठेवा, बॅटरीचं आयुष्य तिच्या रसायनाइतकंच तिला वापरणाऱ्या सॉफ्टवेअरवर असतं. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट सांगितलं तर ते कशासाठी आहे, हे विचारून घ्या.

चौथं वय कागदाचं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. हायब्रिडही पेट्रोल गाडीच मानली जाते, ईव्हीची सूट इथे लावू नका.

पायरी ३: वॉरंटीचं पुस्तक घरी आणून वाचा

८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तुम्ही वर्षाला बारा हजार चालवत असाल तर आठ वर्षांत ९६ हजार होतील, म्हणजे तुमची वॉरंटी वर्षांवर संपेल. पुणे-नाशिक-संभाजीनगर फिरतीवर वर्षाला चाळीस हजार होत असतील तर ती चार वर्षांतच किलोमीटरवर संपेल. कोणत्या गटात बसता ते पाहून एक्स्टेंडेड वॉरंटीचा निर्णय घ्या. फिरतीवाल्याने ती घ्यावी, असं माझं मत आहे. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स बॅटरीच्या आठ वर्षांत येतात की गाडीच्या साध्या वॉरंटीत, हे त्या पुस्तकात वेगळं लिहिलेलं असतं. ते पान शोधा. बॅटरीपेक्षा इन्व्हर्टर गेलेला जास्त झोंबतो.

आणि वॉरंटी घालवायचा हमखास मार्ग म्हणजे बाहेरून वायरी तोडून केलेली सजावट. मोठा ॲम्प्लिफायर, जादा दिवे, वायर कापून बसवलेला कॅमेरा. बाहेरून सीएनजी किट बसवायचा विचार तर डोक्यातूनच काढा.

पायरी ४: बॅटरीची जाळी शोधा आणि गाडी सावलीत लावा

या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी पंख्याने गार होते आणि तो पंखा हवा ओढतो गाडीच्या आतली. त्यासाठी मागच्या सीटच्या बाजूला, सीटखाली किंवा डिकीजवळ एक जाळी असते. जागा गाडीप्रमाणे बदलते, मालकाच्या पुस्तिकेत चित्र असतं. बऱ्याच गाड्यांत जाळीमागे छोटा फिल्टर असतो. लोक तिथे काय करतात? सीट कव्हर असं ओढून बसवतात की जाळी झाकली जाते. पिशव्या, गोधडी, मुलांचं दप्तर टेकवतात. घरात कुत्रा असेल तर त्याचे केस फिल्टरवर जाऊन बसतात. मग पंखा ओरडतो, बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी झपाट्याने म्हातारी होते.

दर सर्व्हिसिंगला "बॅटरी फॅनचा फिल्टर साफ केला का?" हे विचारा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. नुसतं "सगळं केलंय साहेब" यावर जाऊ नका. कच्च्या रस्त्याने शेतावर जाणं-येणं असेल, किंवा सोसायटीशेजारी बांधकाम चालू असेल, तर मधल्या काळात स्वतःच बघा. काम पाच मिनिटांचं आहे.

बॅटरी आतली हवा घेते याचा दुसरा अर्थ असा की एसी हा फक्त तुमच्या सोयीचा नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. अशी गाडी उघडल्यावर आधी चारही काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. पेट्रोल वाचवायला भर उन्हाळ्यात एसी बंद ठेवून काचा उघड्या टाकून हिंडणारे लोक दहा रुपये वाचवतात आणि बॅटरीकडून वसूल करून घेतात. विदर्भात राहणाऱ्याने सावलीच्या पार्किंगसाठी चार पैसे जास्त मोजले तरी ती गुंतवणूकच आहे.

पायरी ५: छोट्या बॅटरीला विसरू नका

"हायब्रिड बंद पडली" अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा दोष मोठ्या बॅटरीचा नसून नेहमीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा असतो. हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, ते काम मोठी बॅटरी करते. छोटी फक्त संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही डॅशबोर्डवर 'रेडी' (गाडी निघायला तयार) येत नाही. मग गाडी टोइंगवर सर्व्हिस सेंटरला जाते आणि सोसायटीत बातमी फिरते की हायब्रिडची बॅटरी गेली.

साध्या गाडीत बॅटरी मरायला आली की स्टार्टर कुंथतो, आपल्याला चाहूल लागते. इथे ती चाहूल मिळत नाही. म्हणून तीन वर्षं झाली की दर सर्व्हिसिंगला तिचा टेस्टरवर तपास करून घ्या.

गाडी उभी ठेवण्याचाही प्रश्न आहे. मुलांकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला पाच-सहा महिने जाणारे आई-वडील आपल्याकडे आता घरोघरी आहेत. मागे गाडी कव्हर घालून उभी. अशा वेळी चावी भरवशाच्या माणसाकडे द्या आणि त्याला सांगा की आठवड्या-पंधरवड्याने गाडी बाहेर काढून अर्धा तास चालव. नुसतं इग्निशन चालू करून रेडिओ ऐकत बसण्याने उलट बॅटरी उतरते. 'रेडी' यायलाच हवं. मोठी बॅटरीही उभ्या उभ्या हळूहळू उतरत असते. ती फार खाली गेली तर घरच्या चार्जरने भरता येत नाही, कंपनीचं यंत्र लागतं.

एक इशारा. 'रेडी' असताना गाडी गप्प असते, पण इंजिन कधीही आपोआप सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या बेसमेंटमध्ये तशी सोडू नका. धूर साठून जिवाशी खेळ होईल.

जम्प स्टार्ट करताना लाल-काळी वायर उलटी लागली तर इलेक्ट्रॉनिक्सचं होणारं नुकसान नव्या छोट्या बॅटरीच्या कित्येक पट असतं. आणि शेजाऱ्याची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला आपली हायब्रिड पुढे करू नका. पुस्तिकेत मनाई आहे का, ते आधी बघा.

पायरी ६: इंजिन आहे, हे लक्षात ठेवा

बॅटरीच्या काळजीत लोक इंजिनाला विसरतात. प्रायसच्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०१० ते २०१५ च्या गाड्या परदेशात लाखावर लाख किलोमीटर चालल्या. त्यांतल्या पुष्कळांना गाठलं ते बॅटरीने नाही, तर हेड गॅस्केटने, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलने. एक्झॉस्टमधला थोडा वायू इंजिनात परत फिरवणारी ईजीआर यंत्रणा कार्बनने तुंबते, सिलिंडर जास्त तापतात आणि गॅस्केट उडतं, असा तिथल्या मेकॅनिक मंडळींचा निष्कर्ष आहे. लाखभर किलोमीटर झाले की ईजीआर साफ करायची गरज आहे का, हे तुमच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. प्रश्न ऐकून तो गांगरला तर दुसरं सर्व्हिस सेंटर बघा.

ऑइल वेळेवर बदला. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर असा दोन-तीन किलोमीटरचा वापर असेल तर इंजिन पुरतं तापायच्या आतच बंद होतं, आणि ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल उतरतं. अशा गाडीचे दहा हजार किलोमीटर व्हायची वाट न पाहता वर्षाला ऑइल बदलायचंच, आणि आठवड्यातून एकदा तरी तिला तासभर हायवेला न्यायचं.

कूलंटचं पाहताना इन्व्हर्टरची वेगळी टाकी विसरू नका. बऱ्याच हायब्रिडमध्ये इंजिनाचं आणि इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं फिरतं. पातळी कमी झाली म्हणून नळाचं पाणी ओतणारे महाभाग अजून आहेत. कंपनीचं सांगितलेलं कूलंटच घाला.

गिअर ऑइलबद्दल कंपनीचं वेळापत्रक बहुधा "फक्त तपासा" म्हणतं. जुने टॅक्सीवाले मात्र लाखाच्या आसपास बदलून घेतात. खर्च किरकोळ आहे, मी टॅक्सीवाल्यांच्या बाजूने.

ब्रेकवर खर्च कमी होतो. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते आणि त्यातून बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. मात्र कमी वापरामुळेच पावसाळ्यात डिस्कला गंज धरतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, अधूनमधून दोन-चार वेळा जोरात ब्रेक लावा.

पायरी ७: पावसाळा, पूर आणि उंदीर

साचलेल्या पाण्यात हायब्रिड घालणं हा या गाडीचं आयुष्य एका दिवसात संपवायचा मार्ग आहे. बॅटरी खाली, सीटच्या किंवा डिकीच्या पातळीला असते. मुंबईतली २६ जुलै २००५ असो की जुलै २०२१ मधलं चिपळूण, अशा पाण्यात गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर "बघू चालू होते का" म्हणून बटण दाबू नका. नारिंगी वायरींना आणि बॅटरीच्या पेटीला हात लावू नका, त्यांत दोनशे व्होल्टच्या आसपास आणि त्याहून जास्त दाब असतो. टोइंग आणि विमा कंपनीला फोन, एवढंच करा. विमा घेतानाच विचारा की 'इंजिन प्रोटेक्ट'मध्ये हायब्रिड बॅटरी आणि मोटर येते की तिचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. उत्तर ईमेलवर मागा.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. अमेरिका-कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. २०१९ नंतरच्या काही रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या केबलचा जोड त्या मिठाने गंजला, आणि टोयोटाला तिथे त्या केबलची वॉरंटी वाढवावी लागली. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण रत्नागिरी, अलिबाग, पणजीच्या हवेत आहे. गाडी खालून धुऊन घ्या आणि लिफ्टवर असताना नारिंगी केबलच्या जोडांवर हिरवट-पांढरं काही धरलंय का, ते बघायला सांगा.

उंदरांचं काय सांगायचं! बोनेटखाली ऊब मिळते, बाहेर पाऊस. एखादी सेन्सरची वायर कुरतडली की डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिमचा लाल इशारा येतो आणि पोटात गोळा. गाडी रोज हलवणं हाच सगळ्यात चांगला उपाय. जाळी, फवारे वगैरे त्याच्या नंतर.

पायरी ८: चालवताना दोन सवयी

पहिली: सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये न्यूट्रलला टाकू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी भरत नाही, आणि एसी मात्र तिच्यातूनच वीज खात असतो. 'डी'मध्ये ब्रेकवर उभे राहा, जास्त वेळ असेल तर 'पी'.

दुसरी: घाट उतरताना. आंबोली किंवा खंबाटकीचा लांब उतार लागला की बॅटरी भरत जाते आणि एका टप्प्यावर संगणक म्हणतो, आता पुरे. मग मोटरचं ब्रेकिंग कमी होतं आणि सगळा भार पॅडवर येतो. तुमच्या गाडीच्या गिअर लिव्हरवर 'बी' असेल तर तिथे टाका, इंजिन गाडीला मागे धरेल. सपाट रस्त्यावर मात्र 'बी'चा काही फायदा नाही.

पायरी ९: सेकंडहँड घेत असाल तर

मीटरपेक्षा सर्व्हिस हिस्टरी मोठी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून पूर्ण नोंद काढून घ्या. किलोमीटर चढत गेलेत का, मध्ये दोन वर्षांची पोकळी आहे का, बॅटरी फिल्टरचा उल्लेख कुठे आहे का. उरलेली बॅटरी वॉरंटी तुमच्या नावावर येते का, हेही तिथेच विचारा.

मग गाडी थंड असताना, सकाळी, स्वतः चालवा. अर्धा तास तरी. बॅटरीचा काटा हळूहळू वर-खाली झाला पाहिजे. तो पाच मिनिटांत भरलेला आणि पाच मिनिटांत रिकामा, असा उड्या मारत असेल तर आतले काही सेल दमले आहेत. इंजिन सारखं सुरू होतंय, मागून पंख्याची घरघर येतेय, ॲव्हरेज त्या मॉडेलच्या मानाने फारच कमी दाखवतंय, याही त्याच खुणा. डॅशबोर्डवर दिवा नसला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो कालच पुसलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे सेलच्या गटाचा, व्होल्टेज बघणारा मेकॅनिक मिळाला तर त्याची फी आनंदाने द्या. सगळे ब्लॉक जवळपास सारखे हवेत, एखादाच मागे पडत असेल तर तिथेच दुखणं आहे. 'पी०ए८०' हा कोड निघाला तर त्याचा सरळ अर्थ बॅटरी पॅक बदला असा आहे. मग भावही त्या हिशेबाने करा.

पूरग्रस्त गाडी हायब्रिड असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, त्याच्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीच्या खाली हात घाला.

पायरी १०: बॅटरी गेलीच तर

घाईने गाडी विकू नका. आधी खरंच मोठी बॅटरी गेली आहे का, याचं निदान लेखी घ्या. पंखा, एखादा सेन्सर, गंजलेली जोडपट्टी किंवा छोटी बॅटरी यांपैकी काही नाही ना? वॉरंटी चालू असेल तर प्रश्न मिटला.

वॉरंटी संपली असेल तर दोन वाटा. नवा पॅक कंपनीकडून, त्यावर मिळणाऱ्या हमीसकट. किंवा बाहेर फक्त बिघडलेले मॉड्यूल (सेलचे छोटे गठ्ठे) बदलून घेणं. निकेलच्या जुन्या पॅकमध्ये हे होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रायसच्या पॅकमध्ये असे २८ मॉड्यूल असतात. पण एक नवा आणि बाकी सगळे तेवढेच म्हातारे, म्हणून काही महिन्यांनी दुसरा जातो, मग तिसरा. गाडी वर्षभरात काढून टाकायची असेल तरच ही वाट धरा. लिथियमच्या पॅकला रस्त्यावरच्या दुकानात उघडू देऊ नका, आग लागण्याचा धोका आहे.

पैशाचा निर्णय असा करा. वर्षाला बारा हजार किलोमीटर, साधी पेट्रोल गाडी लिटरला १२ देते आणि तुमची हायब्रिड २०, असं धरा. म्हणजे एक हजार लिटरऐवजी सहाशे. वर्षाला चारशे लिटर वाचले. महाराष्ट्रात पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, तेव्हा वर्षाला चाळीस हजार रुपये. दहा वर्षांत गाडीने तुम्हाला काय परत दिलंय ते या आकड्यावरून काढा आणि बॅटरीचं कोटेशन त्याच्या शेजारी ठेवा. मग बॉडी, सस्पेन्शन, इन्व्हर्टर शाबूत आहेत का ते पाहा. ते शाबूत असतील आणि नोंदणीची चार-पाच वर्षं बाकी असतील तर बॅटरी टाका. चौदाव्या वर्षी, तळ गंजलेला आणि एसीही रडतोय, अशा गाडीला नवी बॅटरी टाकणं मला तरी पटत नाही.

काढलेली जुनी बॅटरी भंगारवाल्याला किलोवर विकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे. सर्व्हिस सेंटरलाच जमा करा, आणि कोटेशन घेतानाच विचारा की जुन्या पॅकची किंमत बिलातून वजा होणार आहे की नाही.